गाडीजवळचा उभा फलक

बाजाराच्या गावी रस्त्याच्या कडेला एखादी जुनी मोटार किंवा ट्रॅक्टर उभा असतो आणि त्याच्या शेजारी एक फलक आपल्याच पायांवर उभा असतो. त्यावर 'विकणे आहे' असे शब्द असतात. आपण तो वाचतो न वाचतो तोच पुढे निघून जातो. परंतु असा फलक तयार करणाऱ्याला किती गोष्टींचा विचार करावा लागतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. फलक पडता कामा नये, तो दुरून वाचता आला पाहिजे आणि त्यावरील मजकूर खरा असला पाहिजे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी हाताच्या कौशल्याच्या आहेत. तिसरी मनाच्या सचोटीची आहे. या तिन्ही एकमेकींत कशा गुंतलेल्या आहेत, ते या पाठात आपण पाहू.

समजा, एका शेतकऱ्याला आपला जुना ट्रॅक्टर विकावयाचा आहे. त्याचे घर रस्त्याला लागून आहे. अंगणात ट्रॅक्टर उभा करून त्याच्याजवळ फलक ठेवावा, असे त्याने ठरविले आहे. येथे पहिलाच प्रश्न असा उपस्थित होतो की, वेगळा फलक हवाच कशाला? मजकूर ट्रॅक्टरवरच का लिहू नये? याची कारणे साधी आहेत. पत्र्यावर रंगाने लिहिले तर मूळचा रंग बिघडतो. कागद चिकटविला तर तो उन्हाने सुकतो आणि पावसाने गळून पडतो. शिवाय ट्रॅक्टरचे तोंड ज्या दिशेला असेल त्याच दिशेला मजकुराचेही तोंड राहते. पायांवर उभा असलेला फलक मात्र हवा तसा रस्त्याकडे वळविता येतो. एखादा ग्राहक ट्रॅक्टर चालवून पाहण्यासाठी घेऊन गेला, तरी फलक आपल्या जागी राहून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत असतो.

आता हा फलक उभा कसा करावयाचा? उघडलेले पुस्तक कणा वर करून जमिनीवर ठेवा. ते तंबूसारखे उभे राहील. आपला फलक तसाच असावा. दोन सारख्या फळ्या घ्याव्यात आणि त्या वरच्या बाजूस बिजागऱ्यांनी जोडाव्यात. खाली पाय अधिक फाकू नयेत म्हणून दोन्ही फळ्यांना जोडणारी एक साखळी असावी. काम झाले की फलक पुस्तकाप्रमाणे मिटून ठेवता येतो.

उभ्या फलकाचा मोठा शत्रू म्हणजे वारा. फळी ९० सेंटिमीटर उंच आणि ७५ सेंटिमीटर रुंद आहे, असे धरू. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा समोरून आला, तर अशा फळीवर सुमारे ५ किलो वजनाइतका जोर पडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर जोर दुप्पट होत नाही. तो चौपट होतो, म्हणजे सुमारे २० किलोपर्यंत जातो. वळिवाचा पाऊस येण्यापूर्वी बळकट उभे केलेले फलकही धाडकन कोसळतात, त्याचे कारण हेच.

या जोराला तोंड देण्यासाठी फलकाचे वजन किती असावे, याचा हिशोब तुम्हीही करू शकाल. वारा जणू फळीच्या मध्यावर, म्हणजे ४५ सेंटिमीटर उंचीवर ढकलतो. दोन पायांत ५० सेंटिमीटर अंतर असेल, तर फलकाचे वजन मागच्या पायापासून २५ सेंटिमीटर अंतरावर खाली ओढीत असते. ५ गुणिले ४५ म्हणजे २२५. तेवढेच उत्तर येण्यासाठी २५ ला ९ ने गुणावे लागते. म्हणून फलकाचे आणि त्यावर ठेवलेल्या ओझ्याचे वजन मिळून ९ किलोहून अधिक हवे. हे ओझे जमिनीलगत असावे. पायांच्या मधोमध खाली एक आडवी पट्टी ठोकून तिच्यावर वाळूची पिशवी ठेवली की काम भागते. दगडापेक्षा वाळू बरी. कारण ती घरंगळत नाही आणि कोणाच्या पायाला लागत नाही. वादळाची चिन्हे दिसू लागली, तर मात्र वजन वाढवीत न बसता फलक मिटून घरात ठेवणे हेच शहाणपणाचे.

फलक उभा राहिला. आता तो वाचता आला पाहिजे. फलक रंगविणाऱ्यांचा एक ढोबळ हिशोब आहे. वाचणारा ३ मीटरवर असेल, तर अक्षर निदान अडीच सेंटिमीटर उंच असावे. तो १५ मीटरवर असेल, तर साडेबारा सेंटिमीटर. ही उंची केवळ अक्षराच्या अंगाची होय. आपल्या देवनागरी लिपीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार असतात. खाली उकार लोंबतात. त्यांना पुरेशी जागा दिली नाही, तर वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीतील मात्रेत अडकतो आणि दोन्ही वाचता येत नाहीत. म्हणून साडेबारा सेंटिमीटरच्या अक्षराला सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची ओळ द्यावी लागते. अशा तीन ओळींत ७५ सेंटिमीटर जातात. उरलेले १५ सेंटिमीटर वर आणि खाली मोकळे सोडावे. याचा अर्थ असा की, आपल्या फलकावर तीनच ओळी मावतात.

तीन ओळी थोड्या वाटतात काय? रस्त्याने ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारा दुचाकीस्वार एका सेकंदात १० मीटर अंतर तोडतो. १५ मीटरवरून त्याने वाचावयास सुरुवात केली, तर फलकापर्यंत पोहोचण्यास त्याला केवळ दीड सेकंद लागतो. एवढ्या वेळात तीन ओळींहून अधिक मजकूर कोण वाचणार?

मग या तीन ओळींत काय लिहावे? 'ट्रॅक्टर' हा शब्द लिहिण्याचे कारण नाही. ट्रॅक्टर समोर उभाच आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला? जे डोळ्यांना दिसत नाही, तेच फलकाने सांगावे. पहिल्या ओळीत 'विकणे आहे', दुसऱ्या ओळीत 'सन २०१६' आणि तिसऱ्या ओळीत 'रु. ३,५०,०००' एवढे पुरे. हेतू, वय आणि किंमत या तीन गोष्टी कळल्या की ज्याला घ्यावयाचा आहे तो थांबतो आणि इतरांचा वेळ जात नाही.

अंक लिहिताना विशेष काळजी घ्यावी. देवनागरीतील १ आणि ९ हे अंक घाईने रंगविले, तर दुरून सारखेच भासतात. २०११ चे २०१९ झाले, तर ट्रॅक्टर एका फटकाऱ्यात आठ वर्षांनी लहान होतो! रंगाऱ्याच्या हाताची ती केवळ चूक असेल. पण वाचणाऱ्याची फसवणूक झाली ती झालीच. म्हणून अंकांमध्ये अंतर ठेवावे आणि ९ ची गाठ व शेपूट स्पष्ट काढावे. अनुस्वाराचेही तसेच आहे. एक टिंब राहिले की 'रंग' या शब्दाची 'रग' होते. अक्षरे काढण्यापूर्वी खडू लावलेली सुतळी ताणून सरळ रेघा मारून घ्याव्यात. त्यामुळे शिरोरेषा वाकडी होत नाही.

रंग निवडताना शोभेपेक्षा स्पष्टतेचा विचार करावा. निळ्या पाटीवर तांबडी अक्षरे जवळून झगझगीत दिसतात, परंतु दोन्ही रंग सारखेच गडद असल्यामुळे दुरून ती एकमेकांत मिसळून जातात. आपल्या देशात खाजगी मोटारींच्या नंबरपाट्या पांढऱ्यावर काळ्या आणि भाड्याच्या मोटारींच्या पिवळ्यावर काळ्या असतात. फिक्या पाटीवर गडद अक्षर चटकन ओळखू येते, हे त्यामागचे तत्त्व आहे. आपल्या फलकासाठी यांपैकी कोणतीही जोडी चालेल. रंग मात्र फार चकचकीत नसावा. नाही तर ऊन पडले की पाटी आरशासारखी चमकते आणि अक्षरे दिसेनाशी होतात.

येथवर आपण फलकाच्या एकाच बाजूविषयी बोललो. परंतु तंबूसारख्या फलकाला दुसरीही बाजू असते. रस्त्याकडील बाजू दुरून पाहणाऱ्यासाठी आहे. ट्रॅक्टरकडील बाजू थांबून जवळ आलेल्या माणसासाठी आहे. तो दोन-तीन मीटरवर उभा असतो. त्याला अडीच सेंटिमीटरची अक्षरे सहज वाचता येतात. त्या बाजूस सविस्तर मजकूर लिहावा. तो असा असू शकेल :

बनावट २०१६, नोंदणी २०१७.
आजवर एकच मालक.
तासमापकावर ४,८०० तास.
मागील दोन टायर २०२३ मध्ये बदलले.
बँकेचे कर्ज फिटले.
हायड्रॉलिक जड नांगर हळू उचलते.

हा मजकूर लक्षपूर्वक पाहा. ट्रॅक्टर कारखान्यात तयार झाला ते वर्ष आणि त्याची नोंदणी झाली ते वर्ष, ही दोन्ही येथे दिली आहेत. दर्शनी बाजूस त्यांतील आधीचे वर्ष लिहिले आहे, नंतरचे नव्हे. शेतात उभ्या उभ्याही ट्रॅक्टरचे यंत्र काम करीत असते, म्हणून त्याची झीज किलोमीटरपेक्षा तासांवरून अधिक चांगली कळते. ते तासही दिले आहेत. 'उत्तम स्थितीत', 'अगदी नव्यासारखा' असे शब्द मात्र कोठेही नाहीत. असे शब्द कोणत्याही वस्तूविषयी लिहिता येतात. म्हणूनच त्यांतून काही कळत नाही. 'टायर २०२३ मध्ये बदलले' हे वाक्य पडताळून पाहता येते. जे पडताळता येते, त्यावर विश्वास बसतो.

आता शेवटची ओळ. ती लिहिताना कोणाचाही हात क्षणभर अडखळेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपणहून दोष कशाला सांगा, असे मनात येईल. ही ओळ वाचून ग्राहक किंमत दहा-वीस हजारांनी कमी मागेल, हेही खरे आहे. परंतु घेणाऱ्याचाही विचार केला पाहिजे. तोही शेतकरीच आहे. वर्षभराच्या पिकाचे पैसे किंवा बँकेचे कर्ज घेऊन तो आला आहे. दोष त्याला अंगणात कळला, तर तो किंमत ठरविताना त्याचा हिशोब धरील आणि दुरुस्ती करून घेईल. तोच दोष ऐन नांगरणीच्या दिवसांत शेतात कळला, तर दुरुस्तीच्या पैशांबरोबर त्याचा हंगामही जाईल. विकणाऱ्याचे वाचलेले दहा-वीस हजार रुपये घेणाऱ्याला किती पटींनी भरावे लागतील, हे सांगता येणार नाही.

विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते, ही अडचण सर्व देशांत आहे. अमेरिकेत नव्या मोटारीची नेमकी किंमत ग्राहकाला कळणे पूर्वी कठीण होते. ओक्लाहोमा राज्याचे सिनेटर माइक मन्रोनी यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये तेथे एक कायदा झाला. कारखान्याने सुचविलेली किंमत, जोडलेली जादा साधने आणि वाहतुकीचा खर्च दाखविणारा छापील कागद प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर लावणे त्याने सक्तीचे केले. लोक त्या कागदाला मन्रोनी यांच्याच नावाने ओळखू लागले. १९८५ पासून तेथील जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यांनाही, आपण दुरुस्तीची हमी देतो किंवा मोटार 'जशी आहे तशी' विकतो, हे मोटारीवर लावून सांगावे लागते. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याने, ठाऊक असलेली गोष्ट फसविण्याच्या हेतूने लपवून ठेवणे हाही कपटाचाच प्रकार मानला आहे. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल शिक्षेची तरतूद आहे. मोटारीच्या काचेवरील कागद आणि अंगणातील उभा फलक यांचे रूप निराळे असले, तरी काम एकच : जो जाणतो त्याने न जाणणाऱ्याला सांगावे.

फलक ठेवावयाची जागाही नीट निवडली पाहिजे. पायवाटेत ठेवलेल्या फलकाला अंध माणूस अडखळतो. वळणावर ठेवलेला फलक समोरून येणारे वाहन झाकून टाकतो. म्हणून तो आपल्या अंगणाच्या हद्दीतच असावा. सार्वजनिक जागेत ठेवावयाचा असेल, तर ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची परवानगी घ्यावी.

सर्व तयारी झाली की रस्त्यावर १५ मीटर दूर उभे राहावे आणि ज्याला मजकूर ठाऊक नाही अशा माणसाकडून तो वाचवून घ्यावा. तो अडखळला, तर अक्षर सुधारावे. मग त्यालाच मागील बाजू वाचावयास द्यावी आणि विचारावे, "समोरचे वाचून तुम्हांला जे वाटले, त्याच्या उलट येथे काही आहे काय?" तो 'नाही' म्हणाला, म्हणजे फलक तयार झाला. घरधनी शेतावर गेला असला, तरी त्याच्या वतीने शब्द देण्यास तो आता अंगणात उभा राहू शकतो.

स्वाध्याय

१. वेगळा उभा फलक ठेवण्याची कोणती कारणे पाठात दिली आहेत?
२. वाऱ्याचा जोर ५ किलोऐवजी २० किलो झाला, तर तोच फलक उभा राहण्यासाठी एकूण वजन किती लागेल? हिशोब करून सांगा.
३. 'अगदी नव्यासारखा' आणि 'टायर २०२३ मध्ये बदलले' या दोन वाक्यप्रयोगांत कोणता फरक आहे?
४. 'हातच्या काकणाला आरसा कशाला' आणि 'झाकली मूठ सव्वा लाखाची' या म्हणी पाठात कोणत्या प्रसंगी आल्या आहेत? त्यांपैकी लेखकाला कोणती पटते व कोणती पटत नाही?
५. तुमच्या घरची जुनी सायकल विकावयाची आहे, असे समजून दर्शनी बाजूच्या तीन ओळी आणि मागील बाजूच्या पाच ओळी लिहा. त्यांत एक दोष अवश्य सांगा.