आजोबांचं चावीचं घड्याळ : भिंतीवरचा चालता-बोलता धडा



तिसरीच्या वर्गात 'घड्याळ वाचन' घेताना दरवर्षी एक गंमत होते. मोबाईलवरचे १०:२५ मुलं झटकन वाचतात. पण काट्यांचं घड्याळ समोर धरलं की उत्तर येतं, "बाई, दहा वाजून पाच मिनिटं!" मोठा काटा पाचवर आहे ना, मग पाचच मिनिटं. चूक मुलांची नाही. वेळ पुढे सरकताना त्यांनी कधी पाहिलेलीच नसते. म्हणून आज जुन्या चावीच्या घड्याळाविषयी लिहिते आहे. आणि हो, यात माझी स्वतःची एक चूकही आहे.

वाईजवळच्या आमच्या गावच्या घरात माजघराच्या भिंतीवर लंबकाचं घड्याळ आहे. दर रविवारी आंघोळ झाली की आजोबा स्टुलावर चढून त्याला चावी द्यायचे. आजोबा गेले. वर्षश्राद्धाआधी घराला रंग दिला, घड्याळ उतरवलं, पुन्हा टांगलं आणि ते काही केल्या चालेना. चावी दिली की दहा-बारा मिनिटं टिकटिक, मग गप्प. "आजोबांबरोबर त्याचाही जीव गेला," असं आत्या म्हणाली. आम्ही सगळ्यांनी ते मानलं. तब्बल सहा वर्षं!

गेल्या मे महिन्यात बाबांनी ते भंगारात द्यायला ओटीवर काढून ठेवलं. माझ्या आठ वर्षांच्या मुलाने विचारलं, "आई, ते मोडलंय की नुसतं थांबलंय?" मला उत्तर देता आलं नाही. रोज वर्गात 'का?' विचारा म्हणून सांगणारी मी, पण घरातल्या घड्याळाला तो प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता.

बाजारपेठेतल्या एका जुन्या कारागिरांना घरी बोलावलं. त्यांनी घड्याळ त्याच खिळ्याला टांगलं, लंबक हलवला आणि डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "ताई, हे लंगडतंय." मग घड्याळाचा खालचा भाग बोटभर डावीकडे सरकवला. टिक-टॉक एकसारखी झाली! घड्याळ वाकडं टांगलं होतं, एवढंच. तेव्हा बाबांना आठवलं, आजोबांनी घड्याळाच्या तळाशी भिंतीवर पेन्सिलीची बारीक खूण केली होती. ती रंगाखाली गेली होती.

घड्याळ वाकडं असलं की का थांबतं?

मुलांना समजेल अशा भाषेत सांगते. चावी दिली की आतली पोलादी पट्टी घट्ट गुंडाळली जाते. ती हळूहळू सुटताना दातेरी चाकं फिरवते. चाकं सुसाट सुटू नयेत म्हणून शेवटच्या चाकावर नांगराच्या आकाराचा एक तुकडा असतो. लंबक डावीकडे गेला की नांगराच्या एका बाजूकडून एक दात सुटतो आणि लगेच दुसरी बाजू दुसरा दात अडवते; उजवीकडे गेला की हेच उलट होतं. 'टिक' आणि 'टॉक' हे या दातांच्या आपटण्याचेच आवाज. प्रत्येक दात सुटताना लंबकाला हलकासा धक्का देतो, म्हणून लंबक हलत राहतो. घड्याळ तिरकं असेल तर एका बाजूचा दात नीट सुटत नाही, धक्का मिळत नाही आणि लंबक थांबतो.

लंबकाच्या झोक्यांची नियमितता गॅलिलिओने ओळखली होती. ती वापरून १६५६ मध्ये नेदरलँड्सच्या ख्रिश्चन हायगेन्स यांनी लंबकाचं घड्याळ तयार केलं. त्याआधीची घड्याळं दिवसाला साधारण पंधरा मिनिटं इकडेतिकडे व्हायची. लंबक आल्यावर ही चूक सेकंदांवर आली.

वर्गात किंवा घरी करून पाहा

साहित्य : दोरा, लहान-मोठे दगड, मीटरपट्टी, सेकंद दाखवणारं घड्याळ.

१. टांगलेल्या टोकापासून दगडाच्या मध्यापर्यंत २५ सेंमी अंतर ठेवा. हलकासा झोका द्या. जाऊन परत आला की एक झोका. दहा झोक्यांना साधारण १० सेकंद लागतात.

२. आता मोठा दगड बांधा, अंतर तेवढंच ठेवा. आधी मुलांना अंदाज विचारा. बहुतेक मुलं "आता जोरात जाईल" म्हणतात. पण वेळ तेवढाच लागतो!

३. अंतर १०० सेंमी करा. दहा झोक्यांना सुमारे २० सेकंद. म्हणजे लांबी चौपट, वेळ दुप्पट.

आता मुलांना लंबकाखालचा छोटा नट दाखवा. घड्याळ मागे पडत असेल तर नट फिरवून लंबकाचा गोळा किंचित वर चढवायचा, पुढे जात असेल तर खाली उतरवायचा. लंडनच्या बिग बेनच्या घड्याळातही हीच युक्ती वापरतात. तिथे लंबकावर एक जुनं पेनीचं नाणं ठेवलं की घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे जातं. नाण्यामुळे लंबकाचा गुरुत्वमध्य किंचित वर सरकतो, म्हणजे लंबक जणू थोडा आखूड होतो.

घरात असं घड्याळ असेल, किंवा घ्यायचं असेल तर

• आधी कान द्या. टिक-टॉकमधलं अंतर सारखं नसेल तर घड्याळ सरळ करून पाहा. जमलं की भिंतीवर खूण करायला विसरू नका.

• हलवण्याआधी लंबक काढून ठेवा.

• आत खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल ओतू नका. धूळ चिकटून चाकं जाम होतात. साफसफाई आणि तेलपाणी जाणकाराकडूनच करून घ्या.

• मागचे स्क्रू मुलांना उघडू देऊ नका. गुंडाळलेली पट्टी एकदम सुटली तर हाताला मोठी इजा होते.

• ठोके देणाऱ्या घड्याळाचे काटे उलटे फिरवू नका. वेळ लावताना पुढेच न्या आणि प्रत्येक ठोके पूर्ण होऊ द्या.

• लाकडाला नवं पॉलिश, तबकडीला नवा रंग असं काही करू नका. जुनेपण पुसलं की घड्याळाची किंमतही जाते. विकत घेतानाही तबकडी, यंत्र आणि पेटी एकाच घड्याळाची आहे ना, ते पाहा.

• जुन्या तबकडीवर रोमन अंकांत चारच्या जागी बहुतेकदा चार उभ्या रेघा असतात. ती छपाईची चूक नव्हे, तशीच पद्धत आहे. मुलांना ती शोधायला सांगा.

घड्याळं जमवायला पैसे लागतात, पण कौतुकाने पाहायला एकच घड्याळ पुरतं. ते स्वतःच्या घरातलं असेल तर उत्तमच.

आमचं घड्याळ साफ होऊन आलं त्या दिवशी बाबा काहीच बोलले नाहीत. पुढच्या रविवारी आंघोळ करून ते स्टुलावर चढले आणि नातवाला म्हणाले, "मोज रे, किती वेढे देतोय." हल्ली गावी गेलो की चावी देण्याचं काम मुलाकडे असतं. आणि १०:२५ तो काट्यांवर अचूक वाचतो.

पालकहो, तुमच्या माळ्यावर एखादं 'मेलेलं' घड्याळ असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा सरळ टांगून पाहा. सोबत मुलांना बसवा आणि तोच प्रश्न विचारा : मोडलंय, की नुसतं थांबलंय?