'चार्ज' : गाडीवरच्या ओझ्यापासून विद्युतभारापर्यंत

वर्तमानपत्राचे एखादे पान उघडा. पोलिसांनी लाठीचार्ज केला, नव्या साहेबांनी चार्ज घेतला, न्यायालयात चार्जशीट दाखल झाले, बँकेने सर्व्हिस चार्ज वाढविला. तेवढ्यात घरात कोणीतरी विचारते, "मोबाईल चार्जिंगला लावलास का?" मारहाण, अधिकार, आरोप, पैसा आणि वीज! एका शब्दाच्या पोटात इतके अर्थ आले कोठून?

ते आले एका गाडीतून. गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात राहणाऱ्या लोकांचा गाडीसाठीचा एक शब्द रोमन लोकांनी उचलला आणि लॅटिनमध्ये त्याचे 'कार्रुस' झाले. त्यावरून 'कार्रिकारे', म्हणजे गाडीवर माल लादणे. हेच क्रियापद जुन्या फ्रेंचमध्ये झिजले. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा जो लोंढा इंग्रजीत शिरला, त्यातून 'चार्ज' आला. 'कार' आणि 'कार्गो' ही त्याचीच भावंडे. व्यंगचित्राला इंग्रजीत 'कॅरिकेचर' म्हणतात, तोही याच घराण्यातला. चेहऱ्यावरचे नाक किंवा मिशा गरजेपेक्षा जास्त 'लादल्या' की झाले व्यंगचित्र!

लादणे हा मूळ अर्थ ध्यानात ठेवला की बाकीचे कोडे बरेचसे सुटते. कामाचे ओझे अंगावर आले की चार्ज घेतला, खर्चाचे ओझे आले की चार्ज लागला, गुन्ह्याचे ओझे आले की चार्ज ठेवला. बंदुकीत ठासलेली दारू हाही चार्ज. शत्रूवर तुटून पडणे हा अर्थ शस्त्र भरून सज्ज करण्यावरून पुढे आला असावा. गंमत म्हणजे आपली भाषाही याच वाटेने गेली आहे. आपण पदभार स्वीकारतो, सरकार अधिभार लावते. 'आरोप' या संस्कृत शब्दाचा अर्थही वर ठेवणे, चढविणे असाच आहे.

आता विजेकडे वळू. १७४५-४६ च्या सुमारास हॉलंडमधील लायडन गावी म्युशेनब्रुक यांनी घर्षणाची वीज साठविणारी बरणी बनविली. पुढे अशा काचेच्या बरणीला आतून व बाहेरून धातूचा वर्ख लावू लागले. तिला हात लावणाऱ्यास सणसणीत झटका बसे. बंदुकीत दारू भरावी तशी बरणीत वीज भरली, मग बार उडाला! साहजिकच चार्ज हा शब्द येथे रूढ झाला. बेंजामिन फ्रँकलिन यांनी अशा साधनांची रांग लावली आणि तिला तोफांच्या रांगेचे नाव दिले : 'बॅटरी'.

पण याच फ्रँकलिनना १७४८ च्या आधीच एक गोष्ट उमगली होती. चार्ज केलेल्या बरणीत पूर्वीपेक्षा जास्त वीज मुळी नसतेच! आतल्या वर्खावर जितकी वाढते, नेमकी तितकीच बाहेरच्या वर्खावरून कमी होते. गाडीवर माल चढलाच नाही. या बाजूचा त्या बाजूला सरकला, इतकेच.

दुसरी फसगत तर फ्रँकलिन यांच्याच नावावर आहे. रेशमाने घासलेल्या काचेवर विजेची भर पडते असे समजून त्यांनी तिला धन म्हटले. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला आणि पुढे कळले की काचेवरचे इलेक्ट्रॉन रेशमावर जातात. म्हणजे 'लादलेली' काच प्रत्यक्षात रिकामी झालेली असते! तरीही तिच्यावरच्या भाराला आपण आजही धनच म्हणतो.

मराठीत आणखी एक पेच आहे. जुन्या पुस्तकांत 'विद्युतभार' आणि 'अणुभार' हे शब्द शेजारी शेजारी भेटत, त्यामुळे विद्युतभारालाही वजन असावे असे मुलांना वाटे. आजची पाठ्यपुस्तके 'प्रभार' म्हणतात, ते मला बरे वाटते. वजन असते ते इलेक्ट्रॉनला, तेही किती? एक कूलोम प्रभारासाठी ६२४ वर १६ शून्ये इतके इलेक्ट्रॉन लागतात. एका ग्रॅमचे सुमारे १७.५ कोटी भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढे या सर्वांचे वजन!

आता मोबाईल घ्या. त्याच्या बॅटरीवर ५००० मिलिअँपिअर-तास लिहिलेले असेल, तर पूर्ण चार्ज होताना तिच्यातून १८,००० कूलोम प्रभार वाहतो. उत्तरपत्रिकांत हटकून लिहिलेले असते, "बॅटरीत १८,००० कूलोम प्रभार साठला." छे! एका टोकाने जितका आत गेला तितकाच दुसऱ्या टोकाने बाहेर पडला. बॅटरीचा एकूण प्रभार आधीही शून्य, नंतरही शून्य. साठली ती ऊर्जा, रासायनिक बदलांच्या रूपाने, सुमारे ६९,००० ज्यूल. तेवढ्या ऊर्जेत ५० किलोग्रॅमचा मुलगा सुमारे १४० मीटर उंच उचलला जाईल.

जाता जाता घरचे वीजबिल काढून पाहा. तेथे 'स्थिर आकार', 'वीज आकार' असे शब्द दिसतील. त्यांतील 'आकार' म्हणजे पैशांचा चार्ज. त्याच बिलावर 'मंजूर भार' असेल. त्याच्यापुढचे एकक वाचा. ते कूलोम नाही, किलोवॉट आहे.