यंत्रातला देव आणि यंत्रातला असुर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बहिणीच्या घरी चार दिवस राहावयास गेलो होतो. रात्रीची जेवणे आटोपली, तरी आमचा नववीतला भाचा टीव्हीसमोरून हलेना. पडद्यावर दोन पोलादी महाकाय आकाशात झुंजत होते. “मामा, हो एक भाग मेळ्ळो की उठतां,” असे तो म्हणाला. एक खेप झाली, दुसरी झाली. घड्याळात बारा वाजले, परंतु हवा तो भाग काही मिळेना. सातव्या खेपेनंतर तो हट्टाने म्हणाला, “आतां मेळपाकूच जाय!” त्याच्या त्या ‘जाय’ने आमची झोप उडाली, कारण त्या एका शब्दात गणितातील एक मोठी चूक दडलेली होती. त्या चुकीचा शोध घेता घेता जे हाती लागले, ते येथे विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम खेळाविषयी. त्याचे नाव ‘डीमन एक्स मॅकिना’. जपानातील मार्व्हलस या संस्थेने तो तयार केला आणि १३ सप्टेंबर २०१९ रोजी तो निन्टेन्डो स्विच या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. ‘टायटॅनिक सायन’ नावाचा त्याचा पुढील भाग सप्टेंबर २०२५ मध्ये आला. माणसाने आत बसून चालवावयाच्या अशा महाकाय यंत्रास जपानी चित्रकथांच्या परिभाषेत ‘मेका’ म्हणतात. ही कल्पना तेथे जुनी आहे. मित्सुतेरू योकोयामा यांच्या १९५६ च्या चित्रकथेतील पोलादी महामानव दूर उभ्या असलेल्या मुलाच्या हातातील नियंत्रकावर चाले. १९७२ मध्ये गो नागाई यांच्या ‘माझिंगर झेड’मधील मुलगा यंत्राच्या मस्तकातच जाऊन बसला. १९७९ च्या ‘गंडाम’ने अशा यंत्रांस युद्धातील साधन मानून त्यांच्या चालकांची दुःखे सांगितली. प्रस्तुत खेळातील यंत्रांची रूपे शोजी कावामोरी यांनी रेखाटली. १९८२ च्या ‘मॅक्रॉस’ या चलच्चित्रमालिकेमुळे त्यांचे नाव झाले होते.

खेळाचे कथानक असे : चंद्र पृथ्वीवर कोसळला आहे, यंत्रांची कृत्रिम बुद्धी माणसांवर उलटली आहे आणि खेळणारा हा भाडोत्री योद्धा होऊन ‘आर्सेनल’ नावाच्या यंत्रात बसतो. मस्तक, धड, दोन बाहू, पाय आणि शस्त्रे असे या यंत्राचे सुटे भाग असतात व ते हवे तसे बदलता येतात. शत्रूचे आर्सेनल पाडले, की त्याच्या अवशेषाजवळ जाऊन त्यातील भाग उचलावयाचा. हीच ती लूट. मात्र एकाच नावाचे दोन भाग सर्वस्वी सारखे निघतील असे नाही. एखाद्यास जोडकामासाठी अधिक खाचा असतात, एखाद्यास एकही नसते. म्हणून उत्तम तोच मिळावा यासाठी खेळणारा तीच लढाई पुनःपुन्हा लढतो. आमचा भाचाही हेच करीत होता.

आता ते गणित पाहू. समजा, हवा तो भाग वीस खेपांत सरासरीने एकदा मिळतो. मग वीस खेपा केल्यावर तो मिळालाच पाहिजे, असे आपणांस वाटते. परंतु प्रत्येक खेपेस तो न मिळण्याचा संभव २० पैकी १९ असतो. हा अपूर्णांक स्वतःशीच वीस वेळा गुणला, म्हणजे उत्तर सुमारे ०.३६ येते. याचा अर्थ, शंभर मुलांनी वीस वीस खेपा केल्या, तर त्यांतील सुमारे छत्तीस मुले रिकाम्या हातांनीच उठतील! आणि एकविसाव्या खेपेस त्यांची आशा किती? पुन्हा वीसात एक, तितकीच. सोंगटीच्या फाशाला मागचे दान आठवत नाही, तसेच यंत्रालाही आपण किती वेळ जागलो हे ठाऊक नसते. नशिबावर आपले काही देणे साचत जाते, हा केवळ मनाचा भ्रम होय.

मग हे कळूनही मनुष्य उठत का नाही? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी सहकारी फर्स्टर यांच्यासह कबुतरांवर प्रयोग करून १९५७ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. चोच मारल्यावर दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला, तर कबूतर न थांबता चोच मारीतच राहते आणि दाणे बंद केले तरी ती सवय लवकर सुटत नाही, असे त्यांस आढळले. हसू नका. दुसऱ्या रात्री भाच्यास निजवून आम्ही स्वतःच त्या आसनावर बसलो आणि एकाच खांद्यावरील शस्त्रासाठी पहाटेचा एक वाजविला. कबुतराची कीव करण्याचा अधिकार आम्हांस उरलेला नाही.

तरीही या खेळास सरसकट नावे ठेवणे आम्हांस मान्य नाही. प्रत्येक भाग यंत्राच्या स्मृतीची काही जागा घेतो आणि त्या जागेस मर्यादा असते. त्यामुळे सर्वच उत्तम भाग एका वेळी लावता येत नाहीत. येथे निवड करावी लागते, विचार करावा लागतो. वेग हवा की चिलखत, दूरचा मारा हवा की तलवार, हे ठरविणे म्हणजे बुद्धीचे काम आहे.

आणि या ठिकाणी खेळाचे नावच आपणांस धडा देते. प्राचीन ग्रीक रंगभूमीवर देवाचे पात्र लाकडी यारीने वरून खाली उतरवीत. कथानकाची गाठ नाटककारास सुटेनाशी झाली, की देव उतरे आणि ती सोडवी. यावरून ‘देउस एक्स माकिना’, म्हणजे ‘यंत्रातून आलेला देव’, हा लॅटिन शब्दप्रयोग रूढ झाला. आपल्या खेळाने त्यातील देव काढून तेथे असुर बसविला. ॲरिस्टॉटलला ही यारीची युक्ती रुचली नव्हती. युरिपिडीजच्या ‘मेडिआ’चा दाखला देऊन तो म्हणतो, की कथानकाचा उलगडा कथानकातूनच झाला पाहिजे, यंत्रातून नव्हे. उत्तम भाग मिळेल आणि मग आपण जिंकू, असे म्हणत बसणारा खेळाडू याच यारीकडे डोळे लावून बसलेला असतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही मामा-भाच्यांनी एक नियम केला : नवा भाग शोधावयाचा नाही, आहे त्यांतूनच यंत्र जुळवावयाचे. भाच्याने कागदावर भागांची यादी केली, जड तोफ काढून हलकी बंदूक लावली, दोनदा हरला आणि तिसऱ्या खेपेस जिंकला. रात्रीचे नऊ वाजले होते. त्याने आपण होऊन टीव्ही बंद केला. आदल्या रात्री लढाई जिंकूनही तो चिडलेलाच होता. या रात्री मात्र तो हसत हसत निजावयास गेला.

खेळात आणखी एक सूचक गोष्ट आहे. प्रयोगशाळेत जाऊन योद्धा आपल्या देहातच यंत्रे बसवून घेऊ शकतो. शक्ती वाढते, परंतु तसतसा त्याचा मानवी देह धातूचा होत जातो. काय मिळविले याच्या हिशेबाशेजारी काय दिले याचाही हिशेब मांडावा, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे? झोप, वाचन आणि आईची हाक यांची किंमत कोणत्याही यादीत छापलेली नसते.

आपल्या गोव्यात नरकचतुर्दशीपूर्वी वाड्यावाड्यांतील मुले रात्री जागून कागदाचा प्रचंड नरकासुर उभारतात. पहाटे तो जळून जातो. पण सांगाडा बांधण्याचे, तोल साधण्याचे आणि दहाजणांनी मिळून काम करण्याचे कसब मुलांच्या हातांत राहते. पडद्यावरचे पोलादी यंत्रही एक दिवस बंद होणारच आहे. मित्रांनो, खेळा अवश्य. परंतु उठताना स्वतःस एवढेच विचारा, की यंत्र विझल्यावर आपल्या हातात काय उरले? उत्तर देता आले, तर तीच खरी लूट.