कौलं झाडली, पन्हळ राहिली

मुंबईतून फोन करून मालवणच्या घराची पावसाआधीची कामं उरकता येतात. मात्र ‘कौलं परता आणि साफसफाई करा’ एवढंच सांगून भागत नाही.

आमच्याकडे मेअखेर माणसं आली. फुटकी कौलं बदलली, छप्पर झाडून लख्ख केलं, फोटोही पाठवले. झाडलेली फणसाची पानं, चुडतांचे तुकडे, शेवाळ सगळं पन्हळीत उतरलं आणि पाइपाच्या तोंडाशी बसलं. फोटोत पन्हळ नव्हतीच! मृगात पाणी तुंबलं आणि वाशांच्या टोकांवरून भिंतीत शिरलं. चिरा पाणी पितो. चतुर्थीला गेलो तेव्हाही गिलावा ओलाच होता.

वळचणीची पन्हळ तुंबली तर पाणी निदान अंगणात पडतं. घर आणि पडवी यांच्या छपरांमधली तुंबली, की ते थेट घरात. हजार चौरस फुटांच्या छपरावर १०० मिमी पाऊस म्हणजे नऊ हजार लिटरहून जास्त पाणी, आणि इथे तेवढा पाऊस एका दिवसात पडणं नवलाचं नाही.

म्हणून ठरवतानाच क्रम सांगावा: आधी कौलं, मग पन्हळ, शेवटी पाइप. कचरा पाण्याने ढकलायचा नाही, हाताने काढून घमेल्यातून खाली आणायचा. मग वरच्या टोकाला बादल्या ओतून खाली पाणी धो धो येतं का, याचा व्हिडिओ मागवावा. थोडे पैसे त्यानंतरच द्यावेत. यात कुणी रागावत नाही. पत्र्याची पन्हळ खाऱ्या वाऱ्याने खाल्ली जाते. साफ झाल्यावर खालून बघितलं, की उजेडाचे ठिपके दिसतात. ती भोकं तेव्हाच बुजवून घ्यावीत. विजेची सर्व्हिस वायर वळचणीजवळून जात असेल, तर वीज बंद करून घेतल्याशिवाय कुणाला शिडी लावू देऊ नये.

माणसं एप्रिलमध्येच सांगून ठेवावीत. मे महिन्यात आंबा, लग्नं आणि सगळ्या वाडीची घाई एकदमच येते. तौक्ते वादळ १६ मे २०२१ ला या किनाऱ्यावरून गेलं. २०२५ मध्ये मान्सून २५ मेलाच देवगडपर्यंत पोचला. जूनची वाट बघण्यात अर्थ उरलेला नाही.

दुसरी सफाई श्रावणात उघडीप बघून करावी. तेव्हा कौलं निसरडी असतात, वर चढायचं नाही. शिडीवरूनच पन्हळ आणि पाइपाचं तोंड मोकळं करायचं. त्याचे पैसे मे महिन्यातच बोलून ठेवावेत. राहता राहिली माकडं. साफ केलेल्या छपरावर दुसऱ्या दिवशी ती उड्या मारतात, त्याला कुठलाही करार लागू होत नाही. चार जादा कौलं पडवीत रचून ठेवावीत.