उतारवयातील बैलांची खुरे आणि खांदे



बैल चालताना मागे रेंगाळू लागला, जू मानेवर घेईनासा झाला, की 'आता म्हातारा झाला' असे म्हणून आपण त्याला बाजाराची वाट दाखवतो. परंतु पुष्कळदा दोष वयाचा नसून खुरांचा किंवा खांद्याचा असतो. आमच्या घरचा एक बैल वडिलांनी असाच विकायला काढला होता. पशुवैद्यकांनी पाहिले, तर पुढच्या पायांची खुरे कात्रीसारखी एकमेकांवर चढलेली होती. ती साळल्यावर महिन्याभरात बैल सरळ चालू लागला आणि पुढे तीन हंगाम त्याने कोळपणी केली. दोष आमच्या दुर्लक्षाचा होता.

खुरे का वाढतात?

खूर दर महिन्याला साधारणपणे अर्धा सेंटिमीटर वाढते. रोज काम करणाऱ्या बैलाचे खूर जमिनीवर घासून झिजते. म्हाताऱ्या बैलाला काम कमी आणि गोठ्यात उभे राहणे जास्त. त्यामुळे वाढ होते, पण झीज होत नाही. पत्री मारलेली असल्यास झीज मुळीच होत नाही. म्हणून जुनी पत्री महिनोन्महिने तशीच ठेवू नये. वाढलेल्या खुरामुळे भार टाचेवर येतो, सांधे दुखतात व बैल लंगडतो.

खुरे जाणकार माणसाकडून किंवा पशुवैद्यकांकडून साळून घ्यावीत. फक्त बाहेरचा मृत, टणक भाग काढावा. गुलाबी छटा दिसू लागताच थांबावे. खुरे पावसाळ्यात मऊ असतात, त्यामुळे साळणे सोपे जाते. वयस्क बैलास आडवे पाडायचे झाल्यास खाली गवत किंवा उसाचे पाचट अंथरावे.

बेचक्यातील जखमा

शेण-मूत्राच्या ओलीत उभे राहिल्याने खुरांच्या बेचक्यातील कातडी मऊ पडते व कुजते. आठवड्यातून एकदा पाय धुऊन बेचके पाहावे; खडा, काटा काढावा. दहा लिटर पाण्यात 500 ग्रॅम मोरचूद विरघळवून त्यात खुरे काही मिनिटे बुडवावीत. हे द्रावण विषारी आहे, ते जनावराच्या पिण्यात येऊ देऊ नये. लंगडण्याबरोबर ताप, तोंडात फोड व लाळ असेल, तर लाळ-खुरकूत समजून जनावर वेगळे बांधावे आणि ताबडतोब पशुवैद्यकांना कळवावे.

खांदा आणि कातडी

उंचीने विजोड बैल, खडबडीत जू आणि ओल्या मानेवर केलेली जुपणी यांमुळे खांदा सुजतो. नवी सूज असल्यास काम तत्काळ बंद करून थंड पाण्याने शेक द्यावा. सूज पूर्ण उतरल्याशिवाय जू ठेवू नये. गळू झाल्यास घरी चिरू नये. जखमेसाठी एक लिटर पाण्यात एक ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट घालून धुवावे. माशा बसू नयेत म्हणून जखमेभोवती कडुनिंबाचे तेल लावावे.

कातडीवर गोल, केस गेलेले, खवलेदार चट्टे दिसल्यास ते गजकर्ण असू शकते. ते माणसालाही होते, म्हणून हात साबणाने धुवावेत. अंगावर टणक गाठी, ताप व पायांना सूज ही लम्पी त्वचारोगाची लक्षणे होत. 2022 साली आपल्या राज्यात या रोगाने मोठे नुकसान केले. लसीकरण चुकवू नये. गोचीडनाशक औषध सांगितलेल्या प्रमाणातच वापरावे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतो. ती वर्षातून एकदा केलेली सेवा पुरेशी नाही. आठवड्यातील एक ठरावीक वार धरून चारही खुरे उचलून पाहावीत व खांद्यावरून हात फिरवावा. बैल लंगडू लागला, तर आधी त्याचा पाय पाहा, मग वय मोजा.