पीसीओएसनं शिकवलेलं

पीसीओएसचं, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमचं, निदान झालं तेव्हा मी कॉलेजात होते. आता चाळिशी ओलांडली आहे. मधल्या वर्षांत जे उमजलं, ते वयात येणाऱ्या मुलींसाठी आणि त्यांच्या आयांसाठी लिहिते आहे.

१. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'सिस्ट' वाचून आई रडायलाच लागली. आता ऑपरेशन करावं लागणार, असं तिला वाटलं. पण त्या गाठी नसतात. दर महिन्याला एक स्त्रीबीज पिकून बाहेर पडायला हवं, ते अर्ध्यावरच थांबतं. अशा थांबलेल्या बीजांच्या, २ ते ९ मिलिमीटरच्या पिशव्या तेवढ्या पडद्यावर दिसतात. त्या काढायच्या नसतात.

२. नुसत्या सोनोग्राफीवरून निदान होत नाही. २००३ साली रॉटरडॅमला ठरलेल्या निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा अहवाल, आणि सोनोग्राफीत अशा पिशव्यांनी भरलेलं दिसणारं अंडाशय. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनही आधी तपासावं लागतं. पाळी सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या ८ वर्षांत तर या निदानासाठी सोनोग्राफी ग्राह्य धरू नये, असं आजची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. नववीतल्या मुलीवर असा शिक्का बसलेला पाहिला की मला राग येतो.

३. माझी मान काळवंडली होती. 'नीट घासून आंघोळ कर' हे घरीदारी ऐकलं, उटणं झालं, लिंबू झालं. तो मळ नव्हता. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते जास्त बनवतं. त्या जादा इन्सुलिननं मानेची, काखेची त्वचा जाड आणि काळी होते. तेच इन्सुलिन अंडाशयाला जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. त्यातून हनुवटीवर राठ केस, मुरुमं, डोक्यावरचे केस विरळ होणं, पाळी लांबणं. वेगवेगळी वाटणारी ही दुखणी बहुतेकींमध्ये अशी एकाच धाग्यात ओवलेली असतात.

४. वजन ५ टक्क्यांनी जरी उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. पण इन्सुलिनच वाढलेलं असताना वजन उतरवणं कठीण जातं, हे 'जरा कमी खा' म्हणणाऱ्यांनी समजून घ्यावं. कोणताही एकच आहार सगळ्यांना सरस ठरलेला नाही. भाकरी, उसळ, भाजी आणि रोजचं चालणं मला झेपलं. आणि सडपातळ मुलींनाही पीसीओएस असतो.

५. पाळी तीन-तीन महिने आली नाही की 'बरं झालं, कटकट गेली' म्हणू नका. बीज सुटत नाही तेव्हा गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं. वर्षानुवर्षं असं चालू राहिलं तर पुढे त्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टर गोळ्या देऊन पाळी आणतात.

६. थ्रेडिंगवाल्या ताईंशिवाय कोणालाही चेहरा जवळून दाखवू नये, असं वाटायचे दिवस मी काढले आहेत. पीसीओएस असलेल्यांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळते. मुलगी गप्प गप्प राहत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

७. 'लग्न झालं की होईल सगळं ठीक.' नाही होत. मूल होऊ शकतं. बीज सुटत नसेल तर लेट्रोझोलसारखी गोळी पुष्कळदा पुरते. पण मूल झालं म्हणजे पीसीओएस गेला असं नाही. गरोदरपणात आणि नंतरही मधुमेहाची शक्यता जास्त राहते, रक्तदाबावरही लक्ष ठेवावं लागतं. ही गोष्ट मला बाळंतपणाआधी कोणीच सांगितली नव्हती.

पाळी सुरू होऊन तीन वर्षं उलटल्यावरही वर्षातून आठ वेळांपेक्षा कमी येत असेल, तर मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. तिच्या रक्तातली साखर तपासून घ्या, आणि लग्नाचा विषय डॉक्टरांच्या खोलीबाहेर ठेवा.