मोडलेले हाड आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची मात्रा



नडगीचे हाड मोडून पाय प्लास्टरमध्ये असताना लवकर चालावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या घाईपोटी ‘ड’ जीवनसत्त्वाची मात्रा आपल्या मनाने वाढवणे हितावह नाही, हे चिरंजीव भाच्याने प्रथम ध्यानी घ्यावे.

हे जीवनसत्त्व उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेत तयार होते, यकृतात त्याचे कॅल्सिडायॉल हे साठ्याचे रूप बनते आणि मूत्रपिंडात त्यापासून कॅल्सिट्रायॉल हे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे अवयवांच्या कार्याचे नियमन करणारे द्रव्य, निर्माण होऊन ते आतड्याला अन्नातील कॅल्शियम शोषण्यास साहाय्य करते. रक्ततपासणीत कॅल्सिडायॉल मोजतात. ते दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमहून कमी भरल्यास सामान्यतः कमतरता मानली जाते. घरात अडकलेल्या रुग्णास ती सहज जडू शकते, कारण त्वचेला उपयोगी पडणारे हे किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ आत येतच नाहीत.

कमतरता आढळल्यास ती भरून काढलीच पाहिजे. भारतात त्यासाठी बहुधा ६०,००० एककांची मात्रा आठवड्यातून एकदा, साधारण ८ आठवडे देतात, आणि ती जेवणानंतर घेतल्यास अन्नातील स्निग्धांशामुळे चांगली शोषली जाते. आठवड्याची मात्रा रोज घेणे, किंवा मुदत संपल्यावरही जुन्याच चिठ्ठीवर ती चालू ठेवणे, या दोन्ही चुका घातक ठरू शकतात. कारण हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहते आणि त्याच्या अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, अतितहान व वारंवार लघवी ही लक्षणे दिसतात, पुढे मूत्रपिंडालाही इजा पोहोचते. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या हाडांतून कॅल्शियम आधीच रक्तात उतरत असल्याने त्याने विशेष जपावे. मूत्रपिंडाचा विकार वा मुतखडा असल्यास तो वैद्यांना आधीच सांगावा.

कमतरता नसताना अधिक मात्रेने अधिक लाभ होतो, या समजालाही आधार नाही. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीचे अस्थिभंगाविषयीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले, त्यांत रोज २,००० एकके घेऊनही हाडे मोडण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही. हाड सांधण्यासाठी नाचणी, दूध, डाळी, अंडी असा कॅल्शियम व प्रथिने पुरवणारा आहार, सांगितलेला व्यायाम आणि धूम्रपानापासून पूर्ण दूर राहणे यांना पर्याय नाही.

यास्तव चिरंजीवाने तपासणी करून घ्यावी, मात्रा व तिची मुदत वैद्यांकडून लिहून घ्यावी आणि मुदत संपताच त्यांना विचारल्यावाचून पुढील एकही मात्रा घेऊ नये.